दोन बोटं उंच पायरी

बाबा गेल्यावर त्यांनी जमवलेली, पेन्सिलीने टिपणं केलेली जुन्या इमारतींच्या चित्रांची पुस्तकं मी विकली. ठेवून घेतलेल्या एकाची शिवण उसवली म्हणून बाइंडरकडे गेले, तर पुढच्या नवरा-बायकोच्या हातात विकलेल्यांपैकीच एक होतं.

"पेन्सिलचं पुसून देऊ? पान नवं दिसेल," बाइंडर त्यांना म्हणाला.

"द्या पुसून. कुणीतरी चित्रांवर गिरगटून ठेवलंय."

"अगं, थांब! या जिन्याशेजारी काय लिहिलंय वाच."

"'पायरी दोन बोटं उंच. हिच्या गुडघ्यांना झेपणार नाही.' कुणाच्या हो?"

"बायकोच्या असतील. जन्मभर लोकांचे जिने बांधले मी, पण आपला बांधताना हे वाचून पायऱ्या ठेंगण्या केल्या."

"म्हणजे माझी आई रोज गच्चीवर जाते, ती यांच्यामुळे? आणि मिरवता तुम्ही!"

"मिरवणारच! घाम माझा गेलाय."

"गप्प बसा. जिथे असतील तिथे सुखी असोत बिचारे. बाइंडरदादा, ते खोडरबर आधी आत ठेवा. अक्षर पुसट झालंय, वर पातळ कागद चिकटवता येईल?"

"येईल की. ताई, तुमचं काय?"

"मला घाई नाही," मी म्हटलं. "त्यांचं सावकाश होऊ द्या."