सरोवर नगरचा खडा

…तिकडून न्हाई मामा, इकडून या, तिकडं बाभळीचे काटे हायत. हां, असं. आता जिथं थांबलाव ना, तो मेन रोड हाय — चाळीस फुटी. दिसत न्हाई, पण हाय. नकाशात बघा, पिवळ्या रंगानं दाखवलाय. डाव्या हाताला ती शेरडं बसलीत तो बगीचा. शेरडं उठली की तिथंच ओपन जिम. आणि तो लाल दगड दिसतोय का — न्हाई, हात जोडू नका, देव न्हाई तो, मोजणीवाला पान खाऊन थुंकलाय — तिथून कॉलनी चालू. सरोवर नगर! चौसष्ट प्लॉट, तीस बाय चाळीसचे, सगळे एनए, कागद एकदम साफ. घरं म्हणाल तर — एक. ते निळं. माझंच. एकच कसं? आवो, सुरुवात कुणीतरी करायचीच की. लातूर तरी काय एका दिवसात वसलं का?

तुमी बोलत न्हाई फारसं. न्हाई, चांगलंच हाय ते. तुमचे हरिओमभाऊ फोनवर सांगत होते — वडील तीस वर्षं एस.टी.वर ड्रायव्हर, कंधार डेपो. आता ज्याच्या डोक्यावर तीस वर्षं ‘चालकाशी बोलू नये’ लिहिलेलं, तो माणूस बोलणार कसा? माझं उलटं. माझी माय सांगायची, मन्मथ पोटात होता तवाच आतून बोलायचा, आणि शेजारीण बाहेरून उत्तर द्यायची. जन्मलो तवा सुईणीला पहिलं विचारलो म्हणे, जागा पूर्व-पश्चिम हाय का? — हसलाव! बघा, शेषेरावमामा हसले. झालं, आता व्यवहार होतोय आपला.

तर हे माझ्या व्हिडिओच्या चॅनलचं सांगत होतो. लातुरात एका हॉटेलच्या हॉलात पुण्याचा एक जण आलता शिकवायला. प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्यांचं एक दिवसाचं शिबिर, दुपारच्या जेवणात पनीर. तो म्हणला, ‘लातुरात प्लॉट विकणे आहे’ असलं टाकू नका, ते हजार जण टाकतात. तुमच्या गल्लीतलं जे फक्त तुम्हालाच ठाऊक हाय ते सांगा. रोज सांगा, फुकट सांगा. लोकांचा इश्वास बसला की प्लॉटला गिऱ्हाईक आपल्या पायानं येतंय. मी घरी येऊन लगेच केलो. पहिला व्हिडिओ — ड्रोन, मागं बासरी, ‘स्वप्नातलं घर’. चाळीस जणांनी पाहिला, त्यातले एकतीस मीच. मग इचार करीत बसलो, मला एकट्याला ठाऊक असं हाय तरी काय? तर बघा, लातुरात माणूस घर बघायला आला की देवघर कुणीकडं हे मागून विचारतो, आधी विचारतो बोअरला पाणी किती. आणि तिथं सगळे खोटं बोलतात. मालक खोटं, एजंट खोटं, भाडेकरू तर आपली सुटका व्हावी म्हणून डबल खोटं. मी तर वीस वर्षं बोललो, माझ्याइतकं गोड खोटं सबंध जिल्ह्यात कुणी बोलत नसंल. तर म्हणलं, आपण गप्प बसावं आणि बोअरलाच बोलू द्यावं.

झालं सुरू. रोज सकाळी एक कॉलनी. बोअरचं टोपण काढायचं, फोन धरायचा, खडा सोडायचा आणि मोजायचं. दोनाला डुबुक वाजलं तर साठ फूट. पाचाला वाजलं तर चारशे. सहाच्या पुढं गेलं तर हात जोडायचे आणि टोपण लावायचं. ना गाणं, ना बासरी. नाव ठेवलो ‘खडा टाकून सांगतो’. आता त्रेचाळीस हजार माणसं हायत त्याच्यावर! शारजात औशाकडचा एक फिटर हाय, त्याला झोप येत न्हाई म्हणून आपल्या गल्लीचं डुबुक लावून झोपतो. सोयरीक जमवताना पोरीकडचे आधी पोराची कॉलनी माझ्याकडं काढतात, मग पत्रिका. मागच्या उन्हाळ्यात एका बोअरात खडा टाकलो मामा, टाकून टपरीवर गेलो, चहा पिलो, वापस आलो — मग डुबुक. आणि एक खडा तर वाजलाच न्हाई. तिसऱ्या दिवशी बिदरहून फोन. अप्पा, तुमचा खडा आमच्या विहिरीत निघालाय, घेऊन जावा. खोटं वाटायलंय? बरं, बिदरचं सोडा. चहाचंबी सोडा. पण खडा — खडा मी कधी खोटा टाकलो न्हाई. एका बिल्डरच्या वॉचमननं कुत्रं सोडलं अंगावर, ही पोटरी बघा. तरी सहाला वाजला तर सहाच सांगितलं. तोंडानं मी काय वाट्टेल ते बोलतो, पण खड्याचं तसं न्हाई. दोन वर्षं एकच गोष्ट खरी धरून राहिलो.

आता विचारा, त्रेचाळीस हजारातल्या किती जणांनी प्लॉट घेतले? लई जणांनी घेतले. माझं ऐकून घेतले, नाव काढून घेतले — जिथं दोनाला वाजतंय तिथं. दुसऱ्यांचे! पेढे द्यायला येतात वो मला. अप्पा, तुमच्यामुळं फसलो न्हाई म्हणतात, पाया पडतात. माझ्या कपाटात पेढ्याचे रिकामे बॉक्स इतके हायत की त्यात खिळे ठेवतो, बिलं ठेवतो, गोळ्या ठेवतो. आणि व्हिडिओच्या खाली रोज एकच — ‘अप्पा, सगळ्यांच्या बोअरात खडा टाकता, सरोवर नगरात कधी?’ रोज. दसऱ्याला शुभेच्छा टाकल्या तर त्याच्याबी खाली तेच. तुमच्या हरिओमभाऊनीबी तेच लिहिलं. लिहिलं की वडील रिटायर झालेत, पोरगी औंदा अकरावीला लातूरला ट्यूशनला येतीय, तिच्यासंगट आई-वडील राहतील, गजबजाट नको म्हणतात, तुमची जागा आवडली. तेवढा तुमचा खडा ऐकवा, वडिलांना पाठवतो. मी ते चार वेळा वाचलो. आजा, आजी आणि नात. तीन माणसं, मामा. तीन!

म्हणून आज टाकलो. बसमध्ये व्हिडिओ पाहिलाव ना? एक, दोन, डुबुक. साठ फूट, आणि ते मे महिन्यात! चला, आता तुमाला बारा नंबर दाखवतो. ती चुन्याची रेघ हाय ना निळ्या घराच्या समोर, दार दाराला लागून, तोच. सगळ्यात चांगला मी तुमच्यासाठी — काय बघायलाव खाली?

ते होय. ते चाकाचं निशाण ट्रॅक्टरचं हाय. शेतातून येतात-जातात… बरोबर हाय, ट्रॅक्टरचं पुढचं चाक बारीक असतंय. मग टिपर असंल. हाव, टिपरच, मुरूम टाकून गेला काल, रस्त्याला… कुठं टाकला? इथंच कुठंतरी… हाव, मुरूम दिसत न्हाई खरा. आवो, वाऱ्यानं गेला असंल! मराठवाड्यातला वारा तुमाला काय ठाऊक न्हाई का, माझ्या चुलत्याचा बैल उडालता एकदा, गाडीसकट… उठा की मामा. खाली कामून बसलाव असं, बोटानं काय मोजायलाव? येताना खोल रुतलंय, जाताना वरवर, हाव. मधी बोअरपाशी थांबलंय, हाव. तीस वर्षं चाकं बघितलेल्या माणसाला मी बैल सांगायलो. मीबी काय…

पाणी होतं त्यात. टँकर होता. काल सांजच्याला आलता. पाइप सोडला बोअरात आणि अख्खा ओतला. लोकं टँकर मागवतात प्यायला, बोअरला पाणी पाजणारा सबंध लातुरात मी एकटाच. टँकरवालाबी म्हणला, अप्पा, उलटं धरलाव वो. सकाळी पाचाला उठून खडा टाकलो, उन्ह चढायच्या आधी, कारण ते टिकत न्हाई. खालचा खडक पितोय सगळं. आता टाकला तर वाजायचाबी न्हाई. सातशे फूट घेतलाय तो बोअर, पहिल्या दिवशी धुरळा निघाला आणि नंतरबी धुरळाच निघाला. आणि नाव ठेवलो सरोवर नगर. हसा की. मघाशी हसलाव, आता हसा.

तुमाला वाटंल, प्लॉट खपवायला केला ह्यानं. तेबी हाय, न्हाई कसं म्हणू. पण चौसष्टातला एक प्लॉट गेल्यानं मी काय शेठ होतोय का? मला समोर माणूस पाहिजे होतं. सुकन्या — माझी मंडळी — ह्या निळ्या घरात तीन वर्षं राहिली. फाट्यावरून घागरीनं पाणी आणली, कुरकुर केली न्हाई. पाण्यापायी न्हाई गेली ती. एका दुपारी मी लातूरहून आलो, तर ही दारात उभारून भांडायलीय. मोठ्यानं, हातवारे करून. म्हणलं, कुणासंगट? म्हणली, बारा नंबरची बाई माझ्या दोरीवर कपडे टाकायलीय. बारा नंबर म्हणजे हाच. हीच रेघ. मी हसलो, लई हसलो. मला वाटलं माझ्यासंगट राहून हीबी गप्पा मारायला शिकली. दुसऱ्या दिवशी म्हणली, बारा नंबरवालीला कोथिंबीर मागितली, दिली न्हाई. तवा हसलो न्हाई. आठवडाभरानं तिनं दोन ताटं वाढली — एक आमचं, आणि एक झाकून रेघेच्या पलीकडं नेऊन ठेवली. म्हणली, भांडण मिटवायलेय. ते ताट शेरडांनी खाल्लं. मग तिच्या भावाला बोलावलो, जळकोटहून. तो घेऊन गेला. आता बरी हाय तिथं, माणसात हाय, बोलती, दळण आणती. जाताना मला म्हणली, समोर एक चूल पेटू द्या, मी येते. आणि तुमी सांगितल्यावर येणार न्हाई, तुमच्या तोंडावर माझा भरोसा न्हाई. बोअरला पाणी आलं की माणसं येतील. खडा वाजलेला ऐकला की येते. रोज बघती ती, मामा. सकाळी व्हिडिओला पहिला अंगठा तिचाच असतोय, बरोबर सहाला, दोन वर्षं चुकलं न्हाई. आज आला न्हाई. जळकोटात लाइट गेली असंल.

तर असं हाय सगळं. हरिओमभाऊला सांगा, जागा चांगली हाय म्हणावं, हवा चांगली हाय, माणूस… सांगा काय सांगायचं ते. तुमची मंडळी कशी हाय स्वभावानं? बोलकी हाय का? न्हाई, उगं विचारलो. इथं तिला आणू नका. नातीला तर न्हाईच, लेकरू अभ्यास करंल का घागरी आणंल. मी इतक्या लोकांना आणलो इथं, पण पाण्याचं हे असं कुणाला सांगितलो न्हाई आजपस्तोर, तुमीच कसं काय… तुमी गप्प बसलाव म्हणून. गप्प माणूस लई वाईट असतंय — थांबा. फोन. तिचाच.

हां, बोल… हाव… बघितलीस? हाव, दोनाला… हाव, आपलाच बोअर… कुठं? उदगीरला? उदगीरला काय करायलीस तू?… पेटी घेऊन? भावाला सांगितलीस का?… आगं कुकर कशाला घेतलीस, इथं हाय की कुकर… रडायलीस का हसायलीस?… हाव, ऐकू येतंय. … हाव, हायत एक जण इथं, कंधारचे हायत, इथंच उभारलेत. … हाव, त्यांची मंडळीबी… हाव, नातबी हाय… न्हाई. सुकन्या, थांब. गाडीत बसलीस का?… मग उतर… उतर म्हणायलो. गाडी सुटायच्या आधी उतर खाली… न्हाई, कुणी मेलं न्हाई. ते पाणी टँकरचं हाय. काल मी ओतलो… खडा खराच टाकलो, पण पाणी… हाव… हाव, खोटाच म्हण मग… न्हाई, कुणी येणार न्हाई. बारा नंबर रिकामाच हाय. आधीबी रिकामाच होता, सुकन्या… तू भावाला फोन लाव, तिथंच बस बाकड्यावर, तो येईल… हॅलो. सुकन्या? उतरलीस का तेवढं सांग… हॅलो?

…रेंज जाती वो इथं. मधीच कटतंय. कंपनीला दहादा सांगितलो, टॉवर टाका म्हणून… काय बघायलाव माझ्याकडं? फाट्यावर उभारा जाऊन, अहमदपूरची गाडी येईल आता, हात केला की थांबती. जावा. न्हाई, बाटली ठेवा तुमची, मला पाणी नको… आवो, जावा म्हणलं ना मामा. जावा.