टाकीतल्या झाडांना ऊन

तुम्ही कधी पाण्यातल्या झाडाचं एकेक पान बोटांनी पुसलंय? वाशीला नवीन राहायला आलो तेव्हा आमच्या माशांच्या टाकीतली झाडं शेवाळाने भरून गेली. हे म्हणाले, "झाडं मेली की टाकी देऊन टाकू." मी हट्टाला पेटले. रोज पानं पुसत होते, खिडकीचा पडदा लावत होते, तरी शेवाळ वाढतच होतं. एका दुपारी पाहते तर सासूबाई पडदा बाजूला सारत होत्या.

"आई, उन्हानेच शेवाळ धरतं."

"अगं, तुळशीला ऊन देतेस, मग ही झाडं काय सवतीची?"

"तुळस पाण्यात नसते, आई. ही मी मरू देणार नाही."

त्या ताट घेऊन खिडकीच्या उजेडात तांदूळ निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा बंद होता आणि सासूबाई ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडत होत्या.