मावशीत थोडी भीती घाल

दाताच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता, म्हणून शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं मी अगदी मन लावून ऐकलं!

“मावशी, शनिवारी स्टेजवर गायला नको म्हणतेस ना? बघ, एआयकडून तुझा गातानाचा व्हिडिओच करून घेतला.”

“अगं बाई! ही कुठली नटवी? हिला जरासुद्धा भीती वाटत नाहीये.”

“मग चांगलंच आहे की!”

“कसलं चांगलं? ही मी नाहीच. त्याला लिही, हात थरथरतायत, घसा कोरडा पडलाय.”

“तू पण ना! घे, लिहिलं. आला बघ नवा.”

“हं, आता मी दिसतेय. अय्या, पण ही गायची थांबत नाहीये गं!”

“नाहीच थांबत. मग काय, नकार कळवू?”

“गप गं! आधी पूर्ण बघू दे.”