कुणी नावाने हाक मारत नाही म्हणून

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची प्रोग्रामर लेक बसल्या होत्या.

"तोंड का पाडलंयस गं?"

"आमच्या वेबसाइटच्या पीएचपी कोडमधली एक प्रॉपर्टी, म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला कप्पा, मी उडवली. कोडभर शोधलं, तिचं नाव दुसरीकडे कुठेच नव्हतं."

"मग बिघडलं कुठे?"

"साइट आडवी झाली! तिचं नाव प्रोग्राम चालतानाच तुकडे जोडून तयार होतं आणि तेव्हाच तिला हाक जाते."

"वर कुणी लिहून नाही ठेवलं?"

"आता मी तिच्या डोक्यावर कमेंट टाकलीय, वाचणाऱ्यासाठी टीप. ही आहे, लागते, काढू नका."

"तुझ्या बाबांच्या तोंडून माझं नाव कधी ऐकलंयस?"

"नाही बाई!"

काउंटरवरून तिच्या बाबांचा आवाज आला, "अगं, ऐकलंस का? माझा चष्मा कुठाय?"

"आले, आले! तेवढी कमेंट माझ्याही डोक्यावर टाक गं."