तळ्याचं लाल पाणी

चिखलाला कोणी हलकं म्हटलं की मला रनाळ्याचे भिकाआबा आठवतात.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रनाळ्याजवळच्या जुन्या तळ्यात नळी ठोकून आम्ही तळाचा थराथरांचा गाळ तपासायला काढत होतो. काठावर आबांचं शेत. ते म्हणाले, "बेटा, मी धाकला व्हतू तवय हाई पानी लाल व्हयेल व्हतं. मी नि मन्ही बहीननी दखं. बाप सांजले उना, त पानी हिरवं! खोटारडा म्हनीसन दोन्हीसले झोडं. आते माले भी वाटस, सपन व्हतं."

मी नुसती हसले.

काही महिन्यांनी गाळाच्या तपासणीचा निकाल आला. शेवाळाला ना हाड ना शिंपला, मेलं की विरून जातं. पण त्याच्या रंगाचा अंश गाळात टिकतो. आबांच्या लहानपणी साचलेल्या थरात, फक्त त्याच थरात, लाल रंग सापडला होता. ज्या शेवाळाचा तो रंग, ते भर उन्हात लाल होतं आणि ऊन उतरलं की पुन्हा हिरवं.

तशीच गाडी काढून रनाळं गाठलं. ऐकून आबा बांधावर खालीच बसले. मग म्हणाले, "खापर गावले मन्ही बहीनले फोन लाव."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. आबा ओरडले, "बाई, ते लाल पानी खरं व्हतं वं! चिखलमा सापडनं!"

पलीकडून म्हातारी कडाडली, "माले काय सांगस? मी मन्हा डोयासवरना भरोसा कवयच सोडा नही!"