दोन टाके सोबत येणारी मोटर

मोटर बदलली की शिवणारीचा पाय चुकतो, हे माहीत आहे का तुम्हाला? नरडाण्याच्या आमच्या शिलाई कारखान्यात मशीनांना जुन्या मोटरींच्या जागी आवाज न करणाऱ्या सर्वो मोटरी बसल्या. घरघर गेली, स्वप्नात शिवतोय असं वाटायचं. पण मालती अक्कांची शिलाई दरवेळी कॉलरच्या टोकाआधीच थांबायची.

"हाई मशीन बिघडेल शे," मशीनच बिघडलंय म्हणून अक्का कुरकुरल्या.

सुपरवायझर म्हणाले, "उद्याही असंच झालं तर मशीन सोडून कपड्यांच्या घड्या घालायला बसा."

शेजारच्या मशीनवरून मी म्हटलं, "अक्का, ही मोटर पायडलवरून पाय उचलताच थांबते. तुम्ही जुन्या सवयीनं आधीच उचलता."

अक्का पायडलकडे बघत म्हणाल्या, "जुनी मोटर पाय उचलल्यावरही दोन टाके सोबत यायची गं, पाहुण्याला पोचवायला आल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी पायडल नीट जाणवावं म्हणून चपला काढल्या, शेवटपर्यंत पाय दाबून ठेवला आणि कॉलर टोकापर्यंत शिवली.