अण्णा विसरला नव्हता

मंडळी,

या सभागृहात मी पुष्कळ गर्जना केल्या. पाण्यासाठी केल्या, शाळांसाठी केल्या, कधी उगाचही केल्या. आज ही अण्णाची शोकसभा आहे आणि पहिल्या रांगेत वहिनी बसल्यात. तरी बोलणार. कारण आज गप्प बसलो, तर एक खोटी गोष्ट मल्लूअण्णाच्या नावाला कायमची चिकटून राहील.

अण्णाला तुम्ही टीव्हीवर पाहिलं. मी त्याला पाठीमागून पाहिलं. त्याच्या नाटकांचा मी प्रॉम्प्टर. विंगेत संहिता धरून उभं राहायचं, नट अडखळला की वाक्य पुरवायचं. मित्रहो, हे गाव मला बडबड्या मास्तर म्हणतं. तो मी अण्णाच्या मागे वर्षानुवर्षं तोंड मिटून उभा होतो! कारण तो अडखळायचाच नाही. एकदा ऐन रंगात वीज गेली. मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात अण्णाचं स्वगत चालू. लोक श्वास धरून बसले. दिवे आले तेव्हा हा पठ्ठ्या जिथं असायला हवा, नेमका तिथं उभा! घरात कन्नड बोलणारा हा किराणा दुकानदाराचा मुलगा मराठी अशी बोलायचा, की आम्ही आमचीच भाषा नव्यानं ऐकायचो.

मग मालिका आल्या. सुनेला छळणारा सासरा झाला. मंडईत एका मावशीनं त्याला भाजी नाकारली. "तुला वांगी न्हाय द्याची. आदी सुनंला नीट वागीव!"

अण्णानं हात जोडले. "वागवतो मावशी. आता अर्धा किलो द्या की."

"पाव किलो देती. सुदारलास की बाकीची ने."

अण्णा म्हणायचा, एवढी मोठी दाद मला कुठं मिळाली नाही.

आणि मग तो सूत्रसंचालक झाला. गावोगावी जाऊन बायकांना बोलतं करायचा. तो समोर बसला की बाई कॅमेरा विसरायची. कार्यक्रमाच्या अखेरीस 'शेवटचा प्रश्न' असायचा. ढोल वाजायचा, सगळं शांत व्हायचं, आणि अण्णा तो प्रश्न विचारायचा. आठवतं ना?

आणि नातेपुत्याची ती संध्याकाळ आठवते? थेट प्रक्षेपण होतं. समोर हौसाबाई, त्या भागात मेंढरं राखणारी बाई. तासभर तिनं सगळ्यांना हसवलं. ढोल वाजला. शांतता झाली. आणि अण्णा गप्प. सगळा महाराष्ट्र बघतोय आणि अण्णा गप्प!

शेवटी हौसाबाईच म्हणाली, "काय ओ अण्णा, इसरला व्हय?"

आणि अण्णा म्हणाला, "व्हय की बाई. इसरलो."

संपलं! त्या एका वाक्यावर त्याचं काम गेलं. लोक म्हणाले, वय झालं. वर्तमानपत्रांनी विनोद केले. वाहिनीनं तरुण चेहरा आणला. आपल्याच गावातल्या एका समारंभात संयोजकांनी त्याच्या हातात मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दिला. "अण्णा, विसराल म्हणून लिहून आणलंय." अण्णानं आभार मानले आणि तो कागद बघून वाचला. ज्यानं काळोखात स्वगत म्हटलं, त्यानं चार ओळी बोट ठेवून वाचल्या!

नातेपुत्याहून तो परतला, त्या दिवशीच मी त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. मी भाकरीला हात लावला नाही. म्हटलं, "अण्णा, तू विसरलास?"

"विसरलो बा मास्तर."

"हे जगाला सांग, मला नको. तुझ्या मागं मी उभा असायचो!"

तेव्हा तो हसला आणि खरं काय ते त्यानं सांगितलं. कार्यक्रमाआधी हौसाबाईनं त्याला बाजूला घेतलं होतं. "काय बी इचारा, पर येवढं इचारू नगा." अण्णानं शब्द दिला. आणि वाहिनीला शेवटच्या प्रश्नात नेमकं तेवढंच हवं होतं. ढोल वाजला तेव्हा अण्णाच्या कानातल्या यंत्रात वाहिनीच्या साहेबांचा आवाज होता: विचारा, आता विचारा, बाई रडेल.

मंडळी, बाईच्या पदराआडचं पाणी विकायला मांडणारा हा कुठला धंदा? आणि ते चवीनं बघत जेवणारे आपण कोण?

मी म्हटलं, "दुसरा प्रश्न विचारायचास."

"मग ते पहिला मागतच राहिले असते. विसरलेल्या माणसाकडं कोण काय मागणार?"

"मग आता तरी लोकांना खरं सांग."

"सांगितलं, तर विचारतील, प्रश्न कुठला होता? आणि जातील तिच्या दारात. तू भाकरी खा."

नटाला सगळ्यात मोठी लाज कशाची? विसरण्याची. ती लाज त्यानं अंगावर घेतली, आणि मरेपर्यंत उतरवली नाही. रोज, भाजी आणताना, लग्नात, समारंभात, विसराळू म्हाताऱ्याची भूमिका करत राहिला. ना पडदा, ना टाळी. जगातली थोर नाटकं मी वाचली आहेत. एवढा मोठा नट मला कुठल्या पानावर भेटला नाही.

आज मी हे का बोलतोय? मलाही त्यानं गप्प बसवलं होतं. पण ती बघा, तिसऱ्या रांगेत हौसाबाई बसलीय. सकाळच्या एस.टी.नं आलीय. मघाशी दारात माझा हात धरून म्हणाली, "मास्तर, माजं काय बी सांगू नगा. पर त्यो इसरला न्हवता, येवढं सांगा."

सांगितलं, हौसाबाई.

तो प्रश्न कुठला होता, मला माहीत नाही. अण्णानं मलाही सांगितला नाही. बाहेर पडताना या माउलीला कुणी तो विचारणार नाही, असा शब्द आज आपण सगळ्यांनी अण्णाला द्यायचा आहे.

उभे राहा, मंडळी. ढोल वाजून गेलाय असं समजा. त्या संध्याकाळी अण्णा जसा गप्प राहिला, तसेच आपण गप्प राहू या.